विश्लेषण : कोळसा संपल्यावर जमिनीचे काय होते? गोंदियाच्या विजेमागचा हिशेब

गोंदिया जिल्ह्यात कोळशाची एकही खाण नाही. तरीही राज्यातील सर्वात मोठ्या औष्णिक वीज प्रकल्पांपैकी एक याच जिल्ह्यातील तिरोडा येथे आहे. वीज गोंदियात तयार होते, कोळसा बाहेरून येतो आणि त्यासाठी खणलेली जमीन दुसऱ्याच कुठल्या तरी गावाची असते. खाण संपल्यावर ती जमीन पूर्ववत करण्याचे शास्त्र आहे, नियमही आहेत. प्रत्यक्षात काय होते, याचा हा आढावा.

गोंदियाचा कोळसा खाणींशी संबंध काय?

भूगर्भाचा विचार केला तर काहीच नाही. गोंदियाखालचे बहुतेक खडक कोळसा तयार होण्याच्या कितीतरी आधीचे आहेत. विदर्भातील कोळसा सापडतो तो गोंडवन काळातील खडकांत, म्हणजे चंद्रपूर-यवतमाळच्या वर्धा खोऱ्यात आणि नागपूर जिल्ह्यातील कामठी, सावनेर, उमरेड या भागांत. गोंदियाच्या वाट्याला आली ती भातशेती, तळी आणि जंगल.

मात्र तिरोड्यातील अदानी समूहाच्या प्रकल्पाची क्षमता ३,३०० मेगावॉट आहे. ६६० मेगावॉटचे पाच संच. एक युनिट विजेसाठी भारतीय प्रतीचा कोळसा साधारण ६०० ते ६५० ग्रॅम लागतो. पाचही संच पूर्ण क्षमतेने चालले तर तासाला सुमारे दोन हजार टन, म्हणजे दर दोन तासांना जवळपास एक पूर्ण मालगाडी.

या प्रकल्पासाठी २००७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा येथील कोळसापट्टे देण्यात आले होते. ते ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाला लागून. त्याविरोधात चंद्रपुरात मोठे आंदोलन झाले, इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे यांनी २००९ मध्ये उपोषण केले आणि अखेर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने खाणीची परवानगी प्रक्रिया मागे घेतली. लोहाऱ्याचे जंगल वाचले. प्रकल्प मात्र उभा राहिला आणि त्याला कोल इंडियाच्या उपकंपन्यांकडून कोळसा मिळू लागला. लोहाऱ्याऐवजी महाग कोळसा घ्यावा लागल्याने वाढलेला खर्च कुणी सोसायचा, हा वाद वीज नियामक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लोहाऱ्यात न झालेला खड्डा दुसरीकडे झाला, त्याची चर्चा तितकी झाली नाही.

उघड्या खाणीत जमिनीचे नेमके काय होते?

वर्धा खोऱ्यातील कोळशाचा मुख्य थर साधारण १५ ते २० मीटर जाडीचा आहे. थर १५ मीटरचा आणि कोळशाची घनता दीड धरली तर एका हेक्टरखाली सव्वादोन लाख टन कोळसा मिळतो. हा ढोबळ हिशेब. तिरोड्याएवढा प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालल्यास तो पाच दिवसही पुरणार नाही. अडीच एकर जमीन, पाच दिवसांची वीज. यात माती टाकायची जागा, रस्ते, रेल्वे सायडिंग धरलेले नाही.

कोळशावरची माती आणि खडक फोडून बाजूला टाकावा लागतो. खाणकामगारांच्या भाषेत तो ‘ओबी’, म्हणजे ओव्हरबर्डन. वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड (वेकोलि) या कोल इंडियाच्या नागपूरस्थित कंपनीने २०२३-२४ मध्ये सुमारे ६.९ कोटी टन कोळसा काढला. वेकोलिच्या खाणींत टनामागे काढावी लागणारी माती कोल इंडियाच्या इतर अनेक कंपन्यांपेक्षा जास्त आहे. चंद्रपूरहून घुग्घुस किंवा वणीकडे जाताना सपाट प्रदेशात अचानक दिसणारे ‘डोंगर’ म्हणजे हीच माती.

हे करताना जमिनीची उलटापालट होते. सर्वात वरचा, वीत-दीड वीत जाडीचा सुपीक थर खाली दबतो आणि शंभर मीटर खोलीवरचा, कधीही ऊन न पाहिलेला खडक वर येतो. त्यात सेंद्रिय कर्ब जवळजवळ नसतो, नत्र नसते, सूक्ष्मजीव नसतात. उन्हाळ्यात तो तापतो आणि पावसात पाणी धरत नाही. त्यात पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचे खनिज असेल तर हवा-पाण्याशी संयोग होऊन आम्ल तयार होते. या आम्लाबरोबर जड धातू विरघळून नाल्यात उतरतात.

सुपीक थर आधी वेगळा काढून ठेवावा, असा नियम आहे. पण तो ठेवायचा कसा, याला महत्त्व आहे. उंच ढीग करून वर्षानुवर्षे पडू दिला तर आतल्या मातीचा श्वास कोंडतो, जिवाणू आणि बी मरते. ढीग कमी उंचीचा हवा, त्यावर गवत-द्विदल हवे आणि शक्य तितक्या लवकर माती वापरली जायला हवी. बऱ्याच जुन्या खाणींनी सुपीक माती वेगळी ठेवलीच नव्हती. तिथे सगळा प्रवास शून्यापासून करावा लागतो.

ढिगारा स्थिर कसा करतात?

झाडे लावणे हा नंतरचा भाग. आधी ढिगारा जागेवर राहिला पाहिजे. मोकळी टाकलेली माती साधारण ३७ अंशांच्या उतारावर थांबते, पण पावसाळ्यात तो उतार टिकत नाही. म्हणून पर्यावरण परवानग्यांमध्ये ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नसावा, अशी अट सहसा असते. त्यासाठी पायऱ्या पाडल्या जातात, प्रत्येक पायरी आतल्या बाजूला किंचित कललेली, म्हणजे पाणी उतारावरून धावण्याऐवजी चरातून निघून जाते. पायथ्याशी दगडी भिंत, तिच्या बाहेर भोवताली नाली, नालीच्या शेवटी गाळ बसण्यासाठी टाकी. उतारावर काथ्याच्या जाळ्या अंथरून गवत पेरले जाते.

विदर्भात यात एक खास अडचण आहे. कापसाला सोन्यासारखी असलेली काळी माती ढिगाऱ्याखाली मात्र वैरी ठरते. ओली झाली की ती फुगते, साबणासारखी निसरडी होते आणि तिच्यावर रचलेला लाखो टनांचा भार सरकू शकतो. काळी माती तळाशी किंवा मधल्या थरात आली तर ढिगारा खचण्याचा धोका वाढतो, त्यामुळे ती आधी खरवडून काढणे गरजेचे असते. ही नुसती कागदी काळजी नव्हे. झारखंडमधील राजमहल खाणीत २९ डिसेंबर २०१६ रोजी मातीचा प्रचंड भाग कोसळून २३ कामगार दगावले.

नदीकाठचे ढिगारे हा चंद्रपूरचा जुना वाद आहे. इरई नदीलगतच्या मातीच्या डोंगरांमुळे पात्र अरुंद होते, गाळ साचतो आणि पुराचे पाणी शहरात व गावांत शिरते, अशी तक्रार प्रत्येक मोठ्या पुरानंतर होते. २०२२ च्या पुरानंतरही ती झाली.

मेलेल्या मातीत जीव कसा आणतात?

याचे एक महत्त्वाचे काम नागपुरातच झाले. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या (नीरी) डॉ. आशा जुवारकर आणि सहकाऱ्यांनी आधी नागपूर जिल्ह्यातील गुमगावच्या मँगनीज खाणीत आणि नंतर कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावर एकात्मिक जैवतंत्रज्ञान पद्धत वापरली. कोळशाच्या १० हेक्टर ढिगाऱ्यावरील प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

पद्धत ऐकायला सोपी आहे. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील गाळ हेक्टरी ५० टन या प्रमाणात मिसळायचा. हा सेंद्रिय पदार्थ मातीला पाणी धरायला शिकवतो. रोपांच्या मुळांना रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर यांसारखे नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मायकोरायझा ही बुरशी लावायची. ही बुरशी मुळांना चिकटून दूरवर धागे पसरवते आणि स्फुरद, पाणी ओढून आणते. मोबदल्यात झाडाकडून साखर घेते. ढिगाऱ्यात हे जीव जवळजवळ नव्हतेच, प्रयोगानंतर त्यांची संख्या मोठ्या प्रमाणात वाढली. मातीतील क्रोमियम, जस्त, शिसे, निकेल, कॅडमियम आदी धातूंचा विषारीपणा ३४ ते ४३ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. धातू मातीतून गेले नाहीत. गाळातील सेंद्रिय पदार्थ आणि अल्कधर्मी गुणामुळे ते बांधले गेले, झाडात चढेनासे झाले.

म्हणजे उपाय दिल्लीहून किंवा परदेशातून आणायचा नाही. तो वेकोलिच्या मुख्यालयाच्याच शहरात तयार आहे. त्याला लागतो तो वेळ, आणि रोप लावल्यानंतरची तीन-चार वर्षांची राखण.

हिरवे झाले म्हणजे बरे झाले का?

येथे सरकारी आकडे आणि जमिनीवरचे वास्तव यांत अंतर पडते. कोल इंडियाच्या खाणींचे पुनर्भरण आणि वनीकरण २००८ पासून उपग्रहाद्वारे तपासले जाते. सेंट्रल माइन प्लॅनिंग अँड डिझाइन इन्स्टिट्यूट हे काम करते. कोळसा आणि माती मिळून वर्षाला ५० लाख घनमीटरहून अधिक खोदकाम करणाऱ्या खाणींची तपासणी दरवर्षी होते. नजर ठेवण्याची ही पद्धत चांगलीच आहे. पण उपग्रहाला हिरवा रंग दिसतो. तो रंग सागाचा, बांबूचा की वेड्या बाभळीचा, त्याखाली गांडूळ आहे का, विहिरीला पाणी आले का, हे त्यावरून कळत नाही.

वेडी बाभूळ या ढिगाऱ्यांवर जोमाने वाढते. तिने चंद्रपुरात वेगळाच प्रश्न उभा केला. दुर्गापूर-ऊर्जानगर भागात वीज केंद्र आणि खाणींच्या परिसरात माजलेल्या झुडपांत वाघ-बिबट्यांनी आसरा घेतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथे लागोपाठच्या हल्ल्यांत वीज केंद्रातील एक कामगार आणि एक किशोरवयीन मुलगा ठार झाला. त्यानंतर हीच हिरवाई तोडून काढण्याची मागणी पुढे आली.

सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी ‘कॉमन कॉज’ प्रकरणात वेगळ्या बाजूने विचार केला. खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर, तसेच खाणकामामुळे बाधित इतर जमिनीवर पुन्हा गवत उगवण्याची जबाबदारी पट्टेदाराची असेल, अशी अट खाणपट्टा, पर्यावरण परवानगी आणि खाण आराखड्यात घालावी, असे निर्देश केंद्राला देण्यात आले. झाडांऐवजी गवताचा उल्लेख महत्त्वाचा आहे. गुरांना चारा मिळाला तर गाव तिथे परत येते. तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे आणि न्यायमूर्ती भूषण गवई हे पीठावरील दोघे विदर्भातलेच, हा योगायोग.

उरलेला खड्डा तलाव होऊ शकतो?

खाण कितीही भरली तरी शेवटी एक खड्डा उरतो, कारण कोळसा जळून गेलेला असतो आणि बाहेर टाकलेली माती सगळी परत आणणे खर्चिक असते. त्यात पाणी साचते. कंपन्यांच्या सादरीकरणांत त्याला ‘जलाशय’ म्हणतात. तळ्यांच्या जिल्ह्यातील माणसाला मात्र फरक सांगावा लागत नाही.

गोंदिया-भंडाऱ्याचे मालगुजारी तलाव कोहळी समाजाने बांधले. उताराला पाळ घालून पसरट पाणी अडवायचे, अशी त्यांची रचना. पाळीपाशी पाणी खोल आणि वरच्या अंगाला हळूहळू उथळ होत गेलेला पसारा. जीव सगळा या उथळ भागात. तिथे पाणवनस्पती, देवधान, पाखरांचे खाद्य, माशांची अंडी. उन्हाळ्यात पाणी हटले की गाळपेर. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या महिलांनी गेल्या काही वर्षांत तलावांतील बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, त्या याच उथळ पट्ट्यात. त्यातून देशी मासे परतल्याचा अनुभव आहे.

खाणीचा डोह याच्या उलट असतो. काठ उभे, दोन पावलांवर पन्नास-साठ मीटर खोली. गुरे उतरू शकत नाहीत, माशांना अंडी घालायला जागा नाही, पोहायला गेलेली मुले बुडतात. खोल पाण्यात प्राणवायू कमी, आणि गंधकयुक्त खडक असेल तर पाणी आम्लधर्मी. काठ तिरपे कापून एक उथळ कड तयार केली, पाण्याची दरवर्षी चाचणी केली तर तिथे मासेमारी, सिंचन शक्य आहे. वेकोलिने खाणीतील पाणी शुद्ध करून गावांना आणि शेतीला देण्याचे उपक्रम केले आहेत. सावनेरजवळ खाण क्षेत्रात इको पार्क उभारून खाण पर्यटनही सुरू केले. गोंडेगावला मातीतून वाळू वेगळी करण्याचा प्रकल्प आहे, त्यामुळे ढिगारा कमी होतो आणि नदीच्या वाळूवरचा ताणही. पण उभ्या काठांचे काम यंत्रे खाणीत असतानाच करावे लागते. यंत्रे गेली की ते कुणी करत नाही.

तिरोड्याची राख खाणीत जाऊ शकते?

कायद्याने जाऊ शकते. भारतीय कोळशात ३० ते ४० टक्के राख असते. म्हणजे तिरोड्यासारख्या प्रकल्पातून पूर्ण क्षमतेने तासाला सहाशे टनांहून अधिक राख निघते. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार सर्व राखेचा वापर बंधनकारक आहे. न वापरलेल्या राखेवर टनाला एक हजार रुपये पर्यावरण भरपाई आहे. वीज प्रकल्पापासून ३०० किलोमीटरच्या आतील खाणींनी खड्डे भरताना किंवा मातीच्या ढिगाऱ्यात राख वापरावी, असेही त्यात आहे. नागपूर जिल्ह्यातील खाणी या अंतरात येतात. कोळसा घेऊन आलेली गाडी राख घेऊन परत जाणे तर्काला धरून आहे.

अडचण पाण्याची. राखेत आर्सेनिक, बोरॉन, सेलेनियम यांचे अंश असतात. खड्ड्याचा तळ भूजलाला भिडलेला असेल आणि खाली अभेद्य थर नसेल तर ते पाझरून विहिरींत उतरू शकतात. कोराडी-खापरखेडा केंद्रांच्या राखेसाठी केलेल्या नांदगाव येथील तळ्यावरून पारशिवनी तालुक्यात असंतोष उफाळला आणि २०२२ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांच्या भेटीनंतर ते बंद करण्याचे आदेश निघाले. ते तळे होते, खाण नव्हती. पण राख म्हटले की गावे सावध का होतात, हे त्यावरून कळते. खाण भरायची तर आधी भूजलाचा नकाशा आणि भोवतालच्या विहिरींची नोंद हवी, आणि ती गावाच्या हाती हवी.

पैसा कोण देतो?

२००९ मध्ये केंद्रीय कोळसा मंत्रालयाने खाण बंद करण्याच्या आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०१३ आणि २०२० मध्ये त्यांत बदल झाले. त्यानुसार कंपनीने एस्क्रो खात्यात दरवर्षी रक्कम भरायची आणि टप्प्याटप्प्याने काम दाखवून ती परत घ्यायची. सुरुवातीला उघड्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख आणि भूमिगत खाणीसाठी एक लाख असा दर होता. २०२० मध्ये तो अनुक्रमे नऊ लाख आणि दीड लाख झाला, त्यावर दरवर्षी वाढ.

वरचा हिशेब येथे लावून पाहावा. एका हेक्टरखाली सव्वादोन लाख टन कोळसा आणि त्या हेक्टरमागे नऊ लाख रुपये, म्हणजे टनाला चार रुपये. प्रकल्पाचे एकूण क्षेत्र खड्ड्याच्या तिप्पट धरले तरी बारा रुपये. कोळसा विकला जातो तो टनाला हजार रुपयांहून अधिक दराने. खाण सुरू असताना होणारा पुनर्भरणाचा खर्च याहून वेगळा असतो, हे खरे. तरीही जमीन दुरुस्त करणे परवडत नाही, हा युक्तिवाद या आकड्यांपुढे टिकणे कठीण आहे.

शेतकऱ्याला जमीन परत मिळते का?

पश्चिम जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातील लिग्नाइट खाणींवर पुन्हा शेती होते. तेथे भरलेल्या खाणीवर किमान दोन मीटर जाडीचा सुपीक लोएस मातीचा थर अंथरला जातो. पहिली तीन वर्षे त्यात लसूणघास घेतात. तिची मुळे खोल जाऊन माती मोकळी करतात आणि नत्र साठवतात. मग धान्य. अशी साधारण सात वर्षे कंपनीने स्वतः कसल्यावरच ती जमीन शेतकऱ्याच्या ताब्यात जाते. माती आधी वेगळी साठवली म्हणून हे जमते, आणि शेतकरी ती घेणार आहे हे पहिल्या दिवसापासून ठरलेले असते म्हणून ती साठवली जाते.

आपल्याकडे हा दुसरा भागच नाही. कोल इंडियाच्या कंपन्या बहुतांश जमीन १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र (संपादन व विकास) कायद्याखाली घेतात. जमीन केंद्राकडे आणि तेथून कंपनीकडे जाते. कोळसा संपल्यावर ती मूळ मालकाला देण्याची तरतूद या कायद्यात नाही. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अशा खाणकाम संपलेल्या किंवा खाणकामास अयोग्य जमिनींच्या वापराचे धोरण मंजूर केले. कोल वॉशरी, कोळशापासून वायूनिर्मिती, औष्णिक व अक्षय ऊर्जा प्रकल्प, प्रकल्पग्रस्तांचे पुनर्वसन अशा कामांसाठी जमीन भाडेपट्ट्याने देता येईल, मालकी मात्र सरकारी कंपनीकडेच राहील, असे ते धोरण सांगते. ४ जुलै २०२५ रोजी कोळसा मंत्रालयाने ‘रिक्लेम’ नावाने खाण बंद करताना स्थानिकांना सहभागी करून घेण्याची चौकट जाहीर केली. त्यात गावाशी बोलण्याची पद्धत आहे. सातबाऱ्यावरचे नाव बदलण्याचा विषय त्यात येत नाही.

वणी, राजुरा, उमरेड पट्ट्यात ज्यांनी जमिनी दिल्या, त्यांना मोबदला आणि काहींना नोकरी मिळाली. नोकरी एका पिढीची असते. ती व्यक्ती निवृत्त होते त्याच सुमारास अनेकदा खाणही संपते आणि कुंपणाआड बाभळी वाढलेली आपली जुनी शेती पुढच्या पिढीला रस्त्यावरून दिसते. तिथे गुरे चारायला गेले तरी तो अतिक्रमणाचा गुन्हा ठरू शकतो.